कात्रण खरे, सुट्टी खोटी : नववीच्या वर्गात छापील पेपर शिकवताना

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी नववीच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कात्रणाचा फोटो येतो. मथळा दोन कॉलमी : ‘जिल्ह्यातील शाळांना उद्या सुट्टी’. खाली अतिवृष्टीचा इशारा, जिल्हाधिकाऱ्यांचे नाव, अंगणवाड्यांपासून महाविद्यालयांपर्यंतचा उल्लेख, सगळे रीतसर. दुसऱ्या दिवशी ४२ जणांच्या तुकडीत जेमतेम निम्मी मुले हजर. विचारणा झाल्यावर उत्तर एकच : “सर, पेपरात आलंय ना!”

पेपरात आले होते, हे खरेच होते. कात्रण बनावट नव्हते. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातले होते. त्यात ज्या जिल्हाधिकाऱ्यांचे नाव होते त्यांची मधल्या काळात बदली झाली होती आणि नव्या अधिकाऱ्यांचा फोटो गावातल्या फ्लेक्सवरही झळकला होता. मुलांनी, पालकांनी, एवढेच काय ग्रुपवरच्या दोन शिक्षकांनीही ते नाव वाचूनच संदेश पुढे पाठवला.

शाळा तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. तिचे नाव देण्यात अर्थ नाही, कारण अतिवृष्टीच्या दिवसांत हेच कुठल्याही तालुक्यात घडते. सुट्टीच्या अफवेचे पुढे काय झाले, यापेक्षा शाळेने त्यातून जे आठ तासिकांचे काम उभे केले ते नीट पाहण्यासारखे आहे.

गोष्टीच्या मुळाशी एक विसंगती आहे. या मुलांच्या आजोबांच्या हातात रोज पेपर असे. मुलांच्या घरी तो येत नाही. काही घरांतला २०२० च्या टाळेबंदीत बंद झाला (राज्यात काही काळ घरोघरी अंक टाकायलाच मनाई होती) आणि पुन्हा सुरू झाला नाही. म्हणजे ‘पेपरात आले की खरे’ हा विश्वास वारशाने आला, पण पेपर हाताळण्याची सवय आली नाही. तारीख कुठे असते, बातमी कुणी दिली हे कुठे लिहिलेले असते, जाहिरात कशी ओळखायची, हे आजोबांना कुणी शिकवले नव्हते. रोजच्या हाताळण्यातून ते कळत गेले. नातवंडांना ते मुद्दाम शिकवावे लागते. परिपाठात रोज पाच ठळक बातम्या वाचून हे काम होत नाही. तिथे एक मूल मथळे खड्या आवाजात वाचते आणि बाकीची पायाने दगड उडवत उभी असतात. वाचणाऱ्याला विचारले, ‘ही बातमी कोणत्या पानावर होती?’ तर तो फळ्यावरून वाचत होता, असे कळते.

अंक कसे जमवले

तीन-तीन मुलांचे १४ गट. तीन वेगवेगळ्या दैनिकांचे पाच-पाच, असे एकाच तारखेचे १५ अंक. एक जादा ठेवावाच, कारण पहिल्याच तासिकेत एक तरी अंक फाटतो. मराठी दैनिकाची किंमत पाच-सात रुपयांच्या घरात, म्हणजे एका वेळचा खर्च शंभरच्या आसपास. मात्र तालुक्याच्या विक्रेत्याकडे अंक मोजके येतात. ऐनवेळी स्टॉलवर गेल्यास एका दैनिकाचे पाच मिळणार नाहीत; दोन दिवस आधी मागणी नोंदवावी लागते. आठ तासिकांत ताजे अंक दोनदाच घेतले. बाकीचे काम रद्दीवर भागले. सोळा पानी अंक साधारण ६५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे किलोभर रद्दीत पंधराएक अंक येतात. अडचण अशी की रद्दी सरमिसळ येते आणि एका तारखेचे अंक जुळत नाहीत. त्यासाठी दोन-तीन घरांना आधीच सांगून एका विशिष्ट आठवड्याचे अंक बाजूला ठेवून घेतले.

वारही पाहावा लागतो. सोमवारचा अंक या कामाला निरुपयोगी. रविवारी कचेऱ्या बंद, त्यामुळे निर्णय, आदेश, निविदा कमी आणि मेळावे, उद्घाटने, सत्कार जास्त. रविवारच्या अंकात पुरवण्यांचा पसारा. बुधवार ते शुक्रवार हे दिवस चांगले.

बाकावर पेपर उघडता येत नाही, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पहिली तासिका खाऊन टाकते. ब्रॉडशीटचे, म्हणजे नेहमीच्या मोठ्या आकाराच्या दैनिकाचे पान उघडल्यावर सुमारे ६६ सेंटिमीटर रुंद होते. दोन मुलांच्या बाकावर तीन मुलांनी तो पसरला की कोपर, कंपास आणि भांडण. सतरंज्या टाकून जमिनीवर बसवले, पंखे बंद केले, मग काम सुरू झाले. खुणांसाठी रंगीत पेन्सिली द्याव्यात. जेल पेनची शाई वृत्तपत्री कागदात पसरते आणि मागच्या पानावर उमटते. शेवटी हात धुवायला पाच मिनिटे राखून ठेवावीत. छपाईची शाई बोटांना लागते आणि पुढची सुट्टी डब्याची असते.

कात्रीला बंदी

शाळांत पेपर म्हटला की कात्रणवही निघते. इथे पहिल्या सात तासिका कात्री वर्गात आणायचीच नाही, असा नियम होता आणि त्यावरून शिक्षकांमध्येच थोडी कुरबुर झाली. कारण उघड होते : ज्या गोष्टीने मुले फसली ती गोष्ट म्हणजेच कात्रण. कापले की तारीख जाते, पान क्रमांक जातो, शेजारची बातमी जाते, मागची बाजू अर्धी होते. फोनवर येणारी बहुतेक ‘पेपरातली बातमी’ अशी कडा नसलेलीच असते. म्हणून आधी अखंड पान.

पहिल्या तासिकेत अंक सुटा केला. सोळा पानी अंकात चार मोठे कागद असतात, प्रत्येकावर चार पाने. सर्वांत बाहेरच्या कागदावर १, २, १५ आणि १६. सर्वांत आतल्यावर ७, ८, ९, १०. मुलांना हे सांगितले नाही. कागद वेगळे करून प्रत्येकावरचे आकडे वहीत मांडायला लावले. कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज दर वेळी १७ येते, हे एका गटाच्या लक्षात आले आणि मग सगळ्यांनी ते पडताळून पाहिले. या खटाटोपाचा उपयोग असा की पहिले आणि शेवटचे पान एकाच कागदावर, एकाच वेळी छापले जाते हे कळल्यावर पेपर ही ‘वरून खाली सरकणारी यादी’ राहत नाही. ती कुणीतरी ठरवून मांडलेली वस्तू आहे, हे हाताला कळते.

त्याच दिवशी तारखा शोधल्या. नामशीर्षाखालची, म्हणजे पहिल्या पानावर दैनिकाच्या नावाखालची तारीख सगळ्यांना सापडते. आतल्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर पान क्रमांक, वार, तारीख आणि बहुधा आवृत्तीचे गाव असलेली बारीक ओळ असते, ती मात्र जवळजवळ कुणालाच माहीत नव्हती. सुट्टीच्या कात्रणाचा फोटो काढणाऱ्याने नेमकी हीच ओळ कापली होती. मुद्दाम कापली असेल असे नाही. फोनच्या चौकटीत बातमी बसवताना ती आपोआप जाते.

आणखी एक गोष्ट शोधायला लावली : पत्रक-ओळ. बहुतेक दैनिकांत शेवटच्या किंवा आतल्या एखाद्या पानाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे, कुठे छापले आणि कुठे प्रसिद्ध केले तो पत्ता आणि बातम्यांच्या निवडीसाठी कायद्याने जबाबदार संपादकाचे नाव असते. हा दंडक वृत्तपत्रांच्या छपाई-नोंदणीच्या १८६७ च्या कायद्यापासूनचा; त्याच्या जागी आता २०२३ चा नवा कायदा आला आहे, तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. अक्षर इतके बारीक की दोन गटांनी भिंग मागितले. ‘यात चूक निघाली तर कुणाला धरायचे, ते इथे लिहिलेय’ एवढेच सांगून पुढे गेले. फॉरवर्ड झालेल्या फोटोला अशी ओळ नसते, हे मुलांनीच म्हटले.

बातमी कुणी दिली?

तिसऱ्या तासिकेचे काम रंगीत पेन्सिलींचे. प्रत्येक गटाने पहिल्या पानावरच्या तीन बातम्या घेतल्या. बातमीच्या सुरुवातीला कुणाचे नाव आहे त्याभोवती लाल चौकट : ‘सकाळ वृत्तसेवा’, ‘म. टा. प्रतिनिधी’, ‘लोकमत न्यूज नेटवर्क’, ‘पीटीआय’ ही वृत्तसंस्था, कुठे बातमीदाराचे पूर्ण नाव. मग मजकुरात माहिती कुठून आली ते दाखवणाऱ्या शब्दांखाली निळी रेघ : ‘पत्रकार परिषदेत सांगितले’, ‘प्रसिद्धिपत्रकात म्हटले आहे’, ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’, ‘पोलिसांत दाखल फिर्यादीनुसार’. ज्या वाक्याखाली रेघच येत नाही, तिथे हिरवे प्रश्नचिन्ह.

इथे एक घोळ हमखास होतो. मुले हिरवे प्रश्नचिन्ह म्हणजे ‘खोटे’ असे धरतात. बातमीदार स्वतः घटनास्थळी असेल तर तो पाहिलेले सरळ लिहितो, तिथे दुसऱ्याचा हवाला नसतोच. मोर्चाची, सामन्याची, पुराची बातमी देऊन हा फरक दाखवावा लागला. उलटी चूकही होते : ‘सूत्रांनी’ या शब्दाखाली निळी रेघ ओढून मुले निर्धास्त होतात. सूत्र म्हणजे नाव न सांगणारा माणूस, आणि बातमीदाराने त्याच्यावर ठेवलेला भरवसा आपण उसना घेतोय, हे फोड करून सांगितल्याशिवाय कळत नाही.

जाहिरातींनीही गोंधळ घातला. त्या दिवशी एका दैनिकाला बाहेरून पूर्ण पानाचे जाहिरातीचे जॅकेट होते. एका गटाने त्यालाच पहिले पान धरून ‘मुख्य बातमी : घरबांधणी प्रकल्प’ असे लिहिले. आतल्या पानावरचा एका शिक्षणसंस्थेवरचा कौतुकाचा मजकूर बातमीसारखाच मांडलेला होता, वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’. असा शब्द नसता तर? या प्रश्नावर २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचे उदाहरण दिले. त्या वेळी राज्यातल्या तीन मोठ्या मराठी दैनिकांत एका नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखाच छापून आल्याचे उघड झाले आणि ‘पेड न्यूज’ची चर्चा देशभर झाली. ते पकडले गेले ते छापील अंक शेजारी ठेवून वाचल्यामुळे. वेगवेगळ्या बातमीदारांची वाक्ये स्वल्पविरामासकट जुळत नाहीत, ही कसोटी नववीच्या मुलाला लगेच पटते. दुसऱ्याची वही पाहून लिहिलेला निबंध शिक्षकांना कसा कळतो ते त्याला चांगले ठाऊक असते.

रात्रीचा सामना पेपरात का नाही

चौथ्या तासिकेआधी रात्री उशिरा संपणारा क्रिकेटचा सामना होता. मुलांनी निकाल फोनवर पाहिला होता. सकाळच्या अंकात मात्र पहिल्या डावाचीच धावसंख्या. ‘पेपर मागेच असतो,’ हा शेरा अपेक्षितच होता. मग जिल्ह्याच्या गावाहून रोज ये-जा करणाऱ्या एका शिक्षिकेने त्याच दैनिकाची, त्याच तारखेची शहर आवृत्ती आणली. तिच्यात पूर्ण निकाल होता. शिवाय पहिल्या पानावरची एक बातमी बदललेली आणि एका मथळ्यातला आकडा वाढलेला.

छापखान्यापासून लांबच्या गावांसाठीची डाक आवृत्ती आधी छापायला सोडावी लागते, म्हणजे गाडी पहाटेपर्यंत तालुक्याला पोचते. शहराची आवृत्ती काही तासांनी निघते. त्यामुळे ‘पेपरात काय आले’ या प्रश्नाला गाव आणि आवृत्ती जोडल्याशिवाय उत्तरच नाही. फोनवरच्या बातमीतही आकडा बदलतो, पण जुना आकडा पुसून. छापलेल्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की बदल दिसतो. हा या सबंध मालेतला सर्वांत चांगला तास ठरला आणि त्यासाठी लागले काय, तर जादा एक अंक.

शहर आवृत्ती मिळणे शक्य नसेल तर ई-पेपर वापरावा. तिथे आवृत्तीचे गाव निवडता येते आणि पान जसेच्या तसे दिसते. अॅपवरची बातमी आणि ई-पेपरचे पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच सांगून टाकावे.

तमाम लोकांस कळविण्यात येते की

पाचव्या तासिकेला छोट्या जाहिरातींचे आणि नोटिसांचे पान. शिक्षकांना वाटले होते, हा भाग कंटाळवाणा होईल. झाले उलटेच. एका मुलाला आपल्या शेजारच्या गावाचे नाव दिसले : ‘मौजे… येथील गट नंबर… क्षेत्र… हेक्टर… आर ही मिळकत माझे अशील कायम खरेदीने घेत आहेत. सदर मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, वारसा, बोजा अगर अन्य हक्क असल्यास १५ दिवसांच्या आत लेखी पुराव्यानिशी कळवावे. अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.’ वकिलाच्या सहीची ही जाहीर नोटीस मुलाने दोनदा वाचली आणि विचारले, “म्हणजे ज्याची जमीन आहे त्याने पेपर वाचलाच नाही तर?”

त्या प्रश्नावर अर्धा तास गेला. जमिनीची खरेदी, हरवलेली कागदपत्रे, बँकेचा जप्त मालमत्तेचा लिलाव, ग्रामपंचायतीची निविदा : या नोटिसा पेपरात छापल्या जातात त्या सगळ्यांना कळले असे म्हणता यावे म्हणून. फोनच्या बातम्यांत त्या तुमच्यासमोर येणार नाहीत, कारण त्यावर कुणी बोट ठेवत नाही. मुलांना काम दिले : आपल्या तालुक्यातल्या गावाचे नाव असलेली प्रत्येक नोटीस शोधा; मुदत कधी संपते ती तारीख काढा. मुदत नोटिशीतल्या दिवसांवरून मोजायची असल्याने अंकाची तारीख पाहावीच लागते. सुट्टीच्या कात्रणात चुकलेले पाऊल इथे हिशेबाच्या रूपात पुन्हा आले आणि कुणाला ते शिकवतोय असे वाटले नाही.

त्याच पानावर बाजारभाव. आवक क्विंटलमध्ये, मग कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर. कांदा पिकवणाऱ्या घरातली मुले इथे शिक्षकांच्या पुढे होती. जास्तीत जास्त दर एखाद्याच वक्कलाला (लिलावातल्या मालाच्या एका ढिगाला) मिळालेला असू शकतो, सर्वसाधारण दर हाच कामाचा आकडा, हे त्यांनीच इतरांना सांगितले.

सहावी तासिका गणिताच्या शिक्षकांची : पानावर जाहिरात किती, बातमी किती. आठ कॉलमी पानाची छापील उंची सुमारे ५२ सेंटिमीटर, म्हणजे एका पानावर साधारण ४१६ कॉलम-सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरची पट्टी पुरत नाही. शिंप्याची टेप आणावी. सगळी दैनिके आठ कॉलमांची जाळी सगळीकडे पाळत नाहीत, त्यामुळे आधी कॉलम मोजून घ्यावेत, नाहीतर टक्केवारी शंभराच्या वर जाते. तशी गेलीही. सातव्या तासिकेत एकाच बातमीचे तीन दैनिकांतले मथळे फळ्यावर लिहून तुलना. ती चांगली झाली, पण त्यात नवल असे काही नाही. हा प्रयोग बहुतेक मराठीचे शिक्षक करतातच.

परीक्षा

आठव्या तासिकेला कात्री आली. प्रत्येक गटाने रद्दीतल्या अंकातून एक बातमी अशी कापायची की दुसरा गट फसावा. मग कात्रणांची अदलाबदल. सोडवणाऱ्या गटाने चार गोष्टी शोधायच्या : दैनिक, तारीख, आवृत्ती आणि त्यातला ‘आज’, ‘उद्या’, ‘सोमवारी’ नेमका कोणता दिवस.

दैनिक ओळखणे सोपे गेले. टंक (अक्षरांचे वळण) आणि ‘वृत्तसेवा’, ‘प्रतिनिधी’ या खुणांवरून बहुतेकांना जमले. तारखेसाठी मुलांनी उलटी बाजू वापरली. एका कात्रणामागे चित्रपटगृहाची अर्धी जाहिरात होती, एकामागे बाजारभावाचा तुकडा, एकामागे दहावीच्या निकालाची बातमी. कागदाच्या कात्रणाला मागची बाजू असते, फोटोला नसते. म्हणून पुढची फेरी फोटोवर घेतली : तीच कात्रणे फोनवर दाखवली, मागची बाजू काढून घेतली. आता मजकुरातल्या नावांवर भिस्त. पदावर सध्या कोण आहे, उल्लेख केलेला कार्यक्रम कधी झाला, वार आणि तारीख जुळतात का. शेवटी ई-पेपरच्या संग्रहात ते पान काढून दाखवायचे. काही दैनिकांचे जुने अंक पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे मोफत दिसणाऱ्या तारखांचीच कात्रणे शिक्षकांनी आधी निवडून ठेवावीत.

मूळ सुट्टीचे कात्रणही शेवटी पडद्यावर दाखवले. या वेळी जिल्हाधिकाऱ्यांचे नाव पहिल्याच मिनिटात खटकले. त्यावर पुढची पायरी सांगितली : अतिवृष्टीत सुट्टीचा आदेश निघतो तो आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने, त्यावर जावक क्रमांक आणि दिनांक असतो. बातमी ही त्या आदेशाची खबर. खबरीवर शंका आली तर आदेश पाहायचा. रात्री उशिरा निघालेला आदेश सकाळच्या डाक आवृत्तीत नसणार, हेही मुलांनी चौथ्या तासिकेवरून जोडले. म्हणजे काही वेळा पेपरात नसलेली सुट्टी खरी असते. ही बाजू शिकवायची राहिली तर मुले उलट्या टोकाला जातात आणि ‘पेपरात नाही म्हणजे अफवा’ म्हणू लागतात.

जे जमले नाही

अग्रलेख जमला नाही. सहाव्या तासिकेनंतर एका गटाला हौसेने दिला होता. दोन परिच्छेदांत तो गळपटला. संदर्भ गृहीत धरून लिहिलेली लांब वाक्ये नववीला झेपत नाहीत. त्याऐवजी वाचकांची पत्रे घ्यावीत : मत शंभर-दीडशे शब्दांत, आणि कोणत्या तारखेच्या कोणत्या बातमीवर आहे ते बहुधा पहिल्याच ओळीत.

दुसरी उणीव पालकांची. संदेश पुढे पाठवणारे निम्मे तेच होते आणि आठही तासिका त्यांच्याविना झाल्या. पुढच्या वेळी आठव्या तासिकेची कात्रणांची अदलाबदल पालकसभेच्या दिवशी ठेवून मुलांनी सोडवलेली कोडी पालकांना घालायचे ठरले आहे.

आणि शाळेच्या वर्गणीचा अंक. तो रोज मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतो, दुपारी शिक्षकांच्या खोलीत जातो आणि मुलांपर्यंत पोचतो तो खडूचे डबे झाकायला. आता दुसरा अंक थेट ग्रंथालयात टाकायला विक्रेत्याला सांगितले आहे. नववीचा एक गट तो रोज सकाळी लाकडी दांडीत अडकवतो आणि तालुक्यातल्या नोटिसांच्या मुदती फळ्यावर लिहितो.